सातबा

तुळशीचं लग्न लागायच्या आधीच
दादा डीजेच्या गाडीवर गेला.
साइड ड्रमचा पट्टा खुंटीला तसाच,
त्यावर त्याच्या घामाचा पांढरा नकाशा.
अण्णा म्हणाले, ड्रमशिवाय वरात म्हणजे
लंगड्या घोडीवर नवरदेव.
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी अंबड लिंक रोडला भंगारात गेले.

तिथे तो पडला होता. नारिंगी, एकच हात,
कोपरातून ऑइल गळणारा.
अकरा वर्षं कुठल्याशा कंपनीत
उजवीकडून नट उचलून डावीकडच्या पट्ट्यावर ठेवत आलेला.
पत्र्यावर नंबर: ७ ब.
किलोच्या भावाने तोलून घेतला.
आयटीआयच्या पगारे सरांनी आधी शिव्या दिल्या,
मग बोर्ड दिला, मग
स्वतःच रात्री दीडपर्यंत सोल्डर करत बसले.

रंगाकाकांनी नंबर वाचला: सात-ब, सातबा!
हे तर देवाचं नाव.
आई म्हणाली, बरंच झालं,
सातबारा नाही नावावर, सातबा तरी आला.
तिने त्याला बँडचा लाल कोट शिवला,
एकाच बाहीचा, सोनेरी फीत लावून.
उरलेल्या बाहीत अण्णांची क्लॅरिनेट बसली,
मापाने शिवल्यासारखी.

पहिली सुपारी गंगापूर रोडच्या लॉनची.
डिसेंबर. पितळ इतकं गार
की ट्रम्पेटवरून ओठ सोलून निघावेत.
हातगाडीवर जनरेटर, शेजारी सातबा,
मनगटाला टिपरी बांधलेली, चिमटा मोकळा.
ताल चोख.
इतका चोख की काकांचं युफोनियम दोनदा मागे पडलं,
आणि आमच्या चुकांवर चालायला शिकलेली घोडी
भर रस्त्यात थबकली.

पण जुनी खोड.
दर सोळा ठोक्यांनी तो डावीकडे वळायचा,
चिमटा उघडायचा, क्षणभर थांबायचा.
तो ठेवत होता.
लोकांना वाटलं मागतोय.
कुणी दहाची नोट, कुणी झेंडूचं फूल,
एका पोराने अर्धा खाल्लेला पापड.
वरात संपेपर्यंत सातशे चाळीस रुपये.
काका खूश. अण्णा नाहीत.
आपण वाजवून घेतो, म्हणाले, हात पसरून नाही.
काढ ती सवय.

चार रात्री शोधली. प्रोग्राममध्ये नव्हतीच.
दातेरी चाकातच होती, झिजलेल्या तीन दात्यांत.
नवं चाक सातपूरला मिळेल, साडेचार हजार.
सीझन संपू दे, म्हटलं.

मग माघात, पंचवटीतल्या एका वरातीत,
चढावर, नवरीच्या मामाच्या फर्माइशीवर,
अण्णांचा श्वास मधेच संपला.
ओठ जागेवर, बोटं जागेवर, आवाज नाही.
आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत थांबलो,
वाजत राहिला फक्त ड्रम.
तेरा, चौदा, पंधरा, सोळा.
तो डावीकडे वळला. डावीकडे अण्णा होते.
चिमटा उघडला.

अण्णांनी बघितलं त्याच्याकडे.
मग क्लॅरिनेट त्यात दिली.
त्याने ती हातगाडीवर ठेवली,
हळू, नट ठेवावा तशी,
आणि वळून पुन्हा एकपासून सुरू झाला.

पुढचा रस्ता अण्णा रिकाम्या हातांनी चालले.
हात कुठे ठेवावेत कळेना,
एकदा खिशात, एकदा पाठीमागे.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वरात पाहिली.
घरी येऊन आईला सांगत होते,
नवरीच्या आत्या काय नाचतात गं!

चाकाचे पैसे क्लॅरिनेटच्या पट्ट्यांत गेले.
ती आता मी फुंकते.
सूर अजून बदकाचा, घोडीला मात्र पटलेला.
सोळा झाले की सातबा वळतो,
चिमटा उघडून माझ्यासमोर धरतो.
थांब रे, मी मनात म्हणते,
अजून दम आहे.