परतीची तार

नाना पेठेत रिक्षांच्या तारा जोडण्यात एकतीस वर्षं गेली,
पाण्यावर कधी गेलो नव्हतो.
पानशेतहून रोहिदास भोकरेचा फोन:
"काटा कायम फुल्ल दाखवतो, भाऊ,
आणि परवा भर धरणात इंजिन बंद.
टाकीत नुसता वास होता.
बसायची फळी उपटून वल्हवत आणलं
सहलीच्या मास्तरांनी."

खडकवासला मागे टाकला, खानापूरला चहा घेतला,
पिशवीत टेस्ट लॅम्प, मीटर, सोल्डरची कांडी.

नाव जुनी. पाटबंधारे खात्याच्या लिलावातली.
बाजूवर खात्याचा अर्धा नंबर अजून दिसतो,
उरलेल्या अर्ध्यावर रोहिदासच्या मुलीचं नाव,
ओल्या रंगात खाली घसरलेलं.

किल्ली फिरवली. काटा उठला,
उजवीकडे जाऊन टेकला
जेवून तृप्त झालेल्या व्याह्यासारखा.
टाकीत काठी घातली: चार बोटं.
दिवा लावला तर तिन्ही काटे एकदम दचकले,
तेलाचा, तापमानाचा, बॅटरीचा.
म्हटलं, हे दुखणं एकट्याचं नाही.
यांची परतीची तार एकच आहे
आणि ती कुठंतरी आजारी आहे.
मीटर लावला. अर्थ लागेना.

रिक्षाचं बरं असतं.
कुठलाही स्क्रू धरा, पत्रा खरवडा, अर्थ मिळतो.
अख्खं अंगच परतीचा रस्ता.
नाव फायबरची. तिच्या अंगातून काही परत जात नाही.
जो दिवा लावाल, जो काटा बसवाल,
त्याला घरी यायला तार ओढून द्यावी लागते,
काळी, बॅटरीपर्यंत, न तुटलेली.
हे मला पन्नाशीत कळलं,
ओल्या फळीवर पालथं पडून.

टाकीवरची तार काढली. काटा हलेना.
काट्यामागची काढली. धपकन शून्यावर.
म्हणजे काटा खरा, टाकीही खरी.
खोटं मधल्या साडेचार मीटरमध्ये.

फळ्या उचलल्या.
लाल तार हातभर गेली, पिवळी झाली,
पुढे दाराच्या घंटीची पांढरी.
जो तो आपल्या खिशातला रंग सोडून गेलेला.
तळाच्या काळ्या पाण्यावर दोन इंच, टेपचं गाठोडं.
सोललं. तांबं हिरवं पडलेलं,
अंगावरचं प्लास्टिक झिजून
जाणारी आणि येणारी एकमेकींना चिकटलेल्या.

पीळ पाहिला आणि हात थांबला.
तीन वेढे उजवीकडे, शेवटचा एक उलटा.
असा पीळ नाना पेठेत दोघंच घालायचे.
मी तर या नावेत पहिल्यांदाच आलो होतो.

सिकंदर वस्ताद.
"टेप म्हणजे चादर, पोरा. भिंत नव्हे. आधी सोल्डर."
नुसत्या टेपसाठी माझ्या बोटांवर पक्कड मारलेली त्यांनी.
इथं सोल्डरचा थेंब नव्हता.

शेवटच्या दोन वर्षांत
लाल कुठली, तपकिरी कुठली,
ते सहज विचारल्यासारखं विचारायचे.
मी सहज सांगितल्यासारखं सांगायचो.
एकदा म्हणाले, खात्याचं एक काम करून आलो,
आणि त्या दिवशी दुकान चारलाच बंद केलं.

"कुणी केलंय हे?" रोहिदास वाकून बघत होता.
"हात मोडले पाहिजेत त्याचे."
"जुनं आहे," म्हटलं. "पाणी काही टिकू देत नाही."

जोड कापला. नवी तार टाकली, सलग.
बॅटरीपाशी मात्र एक जोड द्यावाच लागला:
तीन वेढे उजवीकडे, एक उलटा,
वर सोल्डर, चांगलं चमकेपर्यंत.

किल्ली. काटा पावाच्या जरा खाली थांबला.
दिवा लावला. कुणी दचकलं नाही.
रोहिदासनं तरी काठी घातलीच,
बोटं मोजली, पँटला पुसली.
मग हौसेनं हॉर्नचं बटण दाबलं.

काही वाजलं नाही.
ती तार वेगळी.