कारण: खार

उकंडा ढोबळे पंक्चर काढतो, धामणदरीच्या फाट्यावर,
आणि पत्ते काढतो कुठूनही:
गिऱ्हाइकाच्या कानामागून, हवेच्या पंपातून,
एकदा तर सरपंचाच्या डब्यातल्या भाकरीच्या घडीतून
किलवरची राणी काढली होती, तेल लागलेली.

टीव्हीवाल्यांनी बोलावलं तेव्हा
तो ट्यूब घेऊन गेला, घमेलं घेऊन गेला,
आणि रात्रीच्या यष्टीने परत आला.
"कागदावर सही केली हाये," म्हणाला,
"दोन महिने तोंड उघडाचं नाई."

पण मी लाइनमन आहे.
तार कुठे गरम होते ते मला खालूनच दिसतं.
परत आल्यापासून उकंडा
पॅच चिकटवला की प्रत्येक ट्यूब
हळूच नाकाजवळ नेत होता.

प्रोग्रामच्या रात्री ग्रामपंचायतीच्या ओट्यावर टीव्ही,
समोर अख्खं गाव,
मागे डीपीला टेकून मी.
उकंडाही बसलेला, मधल्या रांगेत,
पडद्यावरच्या उकंडाकडे बघत,
दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाकडे बघावं तसा.

दोन परीक्षक. एक टकला, बोटांत चार अंगठ्या.
एक बाई, चष्मा कपाळावर.
दोघांचं आयुष्य पत्त्यांत गेलेलं,
असं निवेदकाने तीनदा सांगितलं.
बाईने चौकटचा गुलाम काढला, त्यावर सही केली.
गुलाम गड्डीत गेला, गड्डी पिसली,
गुलाम नाही.
मग उकंडाने फुगलेली ट्यूब घेतली,
घमेल्यात दाबली, सावकाश फिरवली.
एक बुडबुडा नाही.
ब्लेडने कापली,
आत घडी केलेला गुलाम, बाईच्या सहीसकट.

गाव उठून उभं राहिलं.
कुणाची तरी म्हैस दावं तोडून पळाली
आणि कुणी तिच्याकडे बघेना.

टकल्याने टाळ्या वाजवल्या. मग म्हणाला,
ती ट्यूब जरा इकडे द्या.
आणि नाकाजवळ नेली.

मी किटकॅट ओढला.

"आताच जाची होती का लाइन!"
कुणी बोर्डाला शिव्या घातल्या, कुणी मला.
मीही चार घातल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्याने,
आणि बॅटरी घेऊन डीपीभोवती
अर्धा तास फिरत राहिलो.
अंधारात उकंडा काहीच बोलला नाही.
रजिस्टरमध्ये लिहिलं:
वेळ नऊ चाळीस. कारण: खार.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत
गजूच्या पोरीच्या मोबाइलवर
राहिलेलं सगळ्यांनी पाहिलं, एकेकटं, पाठ करून.
सोल्युशन अजून ओलं आहे, टकला म्हणतो. वास येतोय.
उकंडा हात जोडतो.
बस्स, एवढंच होतं.

गुरुवारी बाजार.
उकंडाने पोतं अंथरलं, घमेल्यात पाणी ओतलं,
थोडं बाहेर सांडलं.
लोक आले, नेहमीपेक्षा जास्तच.
तो म्हणाला उजवीकडे बघा, तर बाजार उजवीकडे बघायचा,
मानेला रग लागेपर्यंत.
यमुनाकाकूने पत्ता काढला.
ती चाळीस वर्षं संत्री विकते,
आतली कुठली फोड सडली ते सालीवरून सांगते.
सही येत नाही, म्हणून तिने
बदामच्या सत्तीचा कोपरा दाताने चावला.

ट्यूब कापली. आत सत्ती, कोपरा चावलेली.
काकूने ट्यूब उचलली
आणि नाकाला लावली.

भजीवाल्याचा झारा कढईवर तसाच राहिला.

"कायचाच वास नाई येत, बाप्पा," ती म्हणाली,
आणि बोटाला चिकटलेलं सोल्युशन
लुगड्याला पुसलं.

संध्याकाळी उकंडा बिडी मागायला आला.
काडी ओढली, दोन झुरके घेतले,
डीपीकडे बघत विचारलं,
"खार लय मोठी होती का बे?"
"लय," मी म्हणालो. "बोक्याएवढी."