काळा थर

मी टेप घेऊन आले होते
डेव्हनमधल्या या लांबोळक्या घराचा नकाशा काढायला.
संध्याकाळपर्यंत एकही काटकोन सापडला नाही.
भिंती पायाशी तीन फूट, माथ्याशी दोनाहून कमी,
आणि कोपरे तर नाहीतच,
गाय अंग घाशील असे गोल खांदे.

तांबडी माती, पेंढा, शेण,
आणि ते तुडवणारे बैल.
हातभर चढवायची, सुकू द्यायची,
मग पुन्हा हातभर.
एक भिंत म्हणजे एक अख्खा उन्हाळा.
इथली माणसं म्हणतात, मातीच्या भिंतीला
चांगले बूट आणि चांगली टोपी एवढंच लागतं.
बूट दगडाचे आहेत.
टोपी आज उतरवली आहे.

वर टॉमसिन यो, गुडघ्यांना चामडं बांधून,
तोंडात हेझलच्या चार काड्या.
बोलते ती काड्यांच्या फटीतून.
खाली मालक, गारफिल्ड लसकम, शिडी धरून
विचारतो, "सगळंच काढून टाकलं तर किती?"
ती उत्तर देत नाही.

मी दाराशी आहे.
दार एकच होतं, माणसांना आणि गुरांना.
आत आलं की माणसं उजवीकडे, गाई डावीकडे.
डावीकडच्या फरशीचा उतार मी मोजला:
बारा फुटांना सात इंच.
तिथं आता वॉशिंग मशिन आहे,
आणि पाइप सुटला की पाणी
अजून गाईंच्याच वाटेनं बाहेर जातं.

माळ्यावर ओकची वाकडी झाडं,
उभी चिरून जोडीजोडीनं टेकवलेली.
झाड जिथं वळलं होतं तिथं घर वळलं.
घर फिरलं की वासे फिरतात, म्हणतात.
इथं माणसं फिरली, आडनावं फिरली,
गहाणखतं फिरली;
वासे जरासे झुकले, इतकंच.
प्रत्येक जोडीवर सुताराच्या छिन्नीच्या रेघा:
एक, दोन, तीन,
आणि चौथ्या जोडीवर पुन्हा तीन.
कुणी खोडलं नाही.
छप्पर त्या चुकीवर टेकून आहे.

"वर या," टॉमसिन म्हणाली.

तिनं कडेला काप घेतला होता, पावाचा घ्यावा तसा.
वरचा पेंढा राखाडी, शेवाळलेला, तिच्या वडिलांच्या हातचा.
गाठ तिनं लगेच ओळखली, "घाईत होते," म्हणाली.
त्याखाली तपकिरी थर. त्याखाली आणखी एक,
त्यात कुणाचा तरी हरवलेला विळा, मूठ किड्यांनी खाल्लेली.
तो माणूस त्या दिवशी किती शोधत बसला असेल.
आणि सगळ्यांत खाली, वाशांना बिलगून,
कोळशासारखा काळा.

धुराडं नव्हतं तेव्हा.
जमिनीच्या मधोमध आग,
आणि धूर जाईल तिथून जाईल.
शंभरएक वर्षं तो वर चढत राहिला
आणि पेंढ्याला असा मुरवून गेला
की कीड शिवली नाही, पाणी शिवलं नाही.
त्यात राईच्या ओंब्या होत्या, दाणे झडलेल्या,
आणि एका निळ्या फुलाच्या तणाचं बी,
जे शेतकऱ्यांनी पुढे शेतांतून हाकलून लावलं.
छपरात ते तसंच राहिलं होतं,
कुणाला माहीत नसलेल्या भाडेकरूसारखं.

"हा थर मी काढत नाही," ती खाली वाकून म्हणाली,
"माझ्याआधी कुणी काढला नाही."
गारफिल्डनं शिडी सोडली, पुन्हा धरली.
"मग नवं कशावर बसवणार?"
"यावरच. आणि कशावर?"

मग फळी घेऊन पिवळाधमक गहू ठोकत सुटली.
टप, टप, टप.
कावळे उठून चर्चच्या भिंतीवर जाऊन बसले.

माझ्या अर्जात रकाना आहे: बांधकामाचं वर्ष.
चार आकड्यांपुरती जागा.
पेन्सिल टेकवली, उचलली,
पुढचा रकाना भरला: खिडक्या, नऊ.

रात्री लॉजवर साबणानं हात धुतले,
मग पुन्हा एकदा.
नखांतला धूर गेला नाही.
कुणाच्या तरी घरी अजून
कांदा, बार्ली, आणि बहुतेक
थोडं जास्तच शिजलेलं काहीतरी.