एका शब्दाची दुरुस्ती

डंडी, जून. विद्यार्थी संघटनेतली माझी खोली रिकामी करतेय.
एका खोक्यात मावेल एवढंच निघालं वर्षाचं:
फुकट वाटून उरलेली पेनं,
केटलची दोन झाकणं, केटल मात्र एकच,
आणि निवडणुकीतलं पोस्टर, ज्यात मी
उगाच दात दाखवत हसतेय.

लोक विचारतात, काय केलंस गं वर्षभर?
सांगते, एक शब्द बदलला.

परीक्षा चुकण्याच्या नियमात होतं:
मृत्यूचा दाखला आणि डॉक्टरची चिठ्ठी.
मॉरेग टलॉक, नर्सिंग, पहिलं वर्ष,
ऑक्टोबरात आली, ओल्या कोटासकट बसली.
आजोबा गेले होते आरब्रोथला. जन्मभर बोटीवर काढलेला माणूस,
गेला मात्र गादीवर, झोपेत.
दाखला होता. चिठ्ठी नव्हती.
"मी आजारी नव्हते," ती म्हणाली, "मी नुसती रडत होते.
त्याला डॉक्टर लागतो?"

सुनावणीत मी तिच्या शेजारच्या खुर्चीत.
मला बोलता येतं, पण
तिला विचारलेल्याचं उत्तर देता येत नाही.
पाण्याचा ग्लास तेवढा तिच्याकडे सरकवला.
समोर तिघं, सभ्य सगळे.
एकानं तर चष्मा काढून दोनदा पुसला.
आणि नियम वाचून दाखवला.

हरलो आम्ही.

मग समिती, तिची उपसमिती,
उपसमितीनं नेमलेला गट,
"पुढच्या बैठकीत घेऊ",
ताटलीत कुणीच न उचललेलं शेवटचं बिस्किट.
खिडकीतून टे नदी, ओहोटीला चकाकणारा चिखल,
पुलावरून सावकाश जाणारी गाडी.
फेब्रुवारीत मी रडले, संडासात, नळ सोडून.
डॉक्टरकडे मीही गेले नाही.

मे महिना. विषय क्रमांक चौदा.
"आणि"च्या जागी "किंवा".
हरकत? नाही.
कुणी कागदावरून मानही वर केली नाही.
दीड मिनिट लागलं असेल.

मॉरेगला कळवलं.
तिला आता त्याचा उपयोग नाही,
तो विषय ती सप्टेंबरात पुन्हा घेतेय.
उत्तर आलं: "बरं झालं. पुढच्याला होईल."
आणि पुढे माशाचं एक चित्र.
का, ते मी विचारलं नाही.

आता दारात इवन रे उभा आहे, माझ्या जागी निवडून आलेला,
हातात वही, पहिल्याच पानावर माझं नाव.
किल्ली देते. कपाटाचा कप्पा अडकतो, खालून ढकलायचा, सांगते.
खुर्च्या दोन आहेत, एक टेबलापलीकडे ठेवू नकोस, सांगते.
तो लिहून घेतो.
मग विचारतो, झाकणं दोन कशी?

ते मलाही कुणी सांगितलं नव्हतं.