जागेवर

खानापूर स्टँडमागं दस्तगीरचं दुकान,
दीड माणूस मावेल एवढं.
फोन उघडून त्यानं पोटातली बॅटरी दाखवली,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी फुगलेली.
"लोकेशन चोवीस तास चालूच काय गे?"
ठेवावं लागतं, म्हटलं. मी कायकबंधू.
सत्तावीस माणसांचा फोटो सकाळी, फोटो दुपारी,
आणि फोटोत जागेचा आकडा पाहिजे,
नाहीतर गाळ उपसलाच नाही असं होतं.

मला वाटायचं, वरून कोणीतरी बघतंय.
दस्तगीर हसला. "वरचे कुणाला बघत नाहीत.
ते नुसती वेळ सांगत फिरतात, सगळ्यांना एकच.
तुझा फोन ऐकतो. याचा आवाज किती उशिरा आला, त्याचा किती.
चौघांचं ऐकलं की हिशेब जुळतो."

हे मला कळलं.
तळ्याच्या पल्याड वैजू कुदळ मारतो,
कुदळ आधी दिसते, ठण्ण मागाहून येतं.
तेवढ्या फटीत तळ्याची रुंदी असते.

"मग नुसतं ऐकायला एवढं चार्जिंग कशाला?"
"ऐकायला नाही गे. जागं राहायला.
आवाज इतका बारीक, की कान मिटून चालत नाही.
टॉवर असला तर तो आधीच सांगतो, वर कोण कुठं आहे.
तुमच्या रानात टॉवर नाही,
मग वरच्यांचीच यादी ऐकत बसायची, अक्षर अक्षर,
आणि एकीकडं टॉवरला हाका मारायच्या.
त्या हाकाच जास्त खातात."

नवी बॅटरी नऊशेची.
पगार झाला की, म्हटलं.

त्या गुरुवारी, कणकुंबीच्या अलीकडं,
रानातल्या तळ्यावर, दुपारी
चौदा टक्के.
मी शहाणपणा केला, फोन बचतीवर टाकला.
बचतीत तो आभाळाकडं बघतच नाही,
जवळच्या टॉवरला विचारतो.
जवळचा टॉवर घाटापलीकडचा.
मेसेज आला, गोव्यात आपलं स्वागत आहे.
पाठोपाठ कानडीत, तुम्ही कामाच्या जागेवर नाही.

गुडघाभर गाळात उभी होते मी.

सासरे जन्मभर कचेऱ्यांतून अर्ज देत फिरले,
आमचं गाव नक्की कुठं आहे, याचे.
फायली पत्र्याच्या पेटीत आहेत अजून, वाळवीसकट.
त्यांची बॅटरी कधी संपली नाही.
तेच संपले.

बचत काढली. अकरा.
झाडीत आभाळ हातरुमालाएवढं,
म्हणून सगळे कातळावर चढले, रांगेत उभे राहिले.
गोल फिरत राहिलं. नऊ. आठ.
शटुप्पा म्हणाला, डोक्यावर धर. धरला.
गुलाबव्वानं मिश्रीचं बोट तोंडातच थांबवलं.
कुणी बोलेना,
जणू आपण बोललो तर
फोनला वरचं ऐकू जायचं नाही.
सहा.
निळा ठिपका आधी चोर्ल्याकडं दिसला, मग घाट चढला,
रानातनं उड्या मारत,
चुकलेली म्हैस गोठा हुंगत येते तसा
तळ्याच्या काठाला येऊन थांबला.
फोटो. पाच जणांचे डोळे मिटलेले. चालतंय.
दोन टक्के. मग काळं.

गेला की राहिला, कुणाला ठाऊक.
फोन पदरात बांधून कणकुंबीकडं निघाले,
तासभराची वाट, पायांना पाठ.
काजूच्या वळणावर एकदम ध्यानात आलं,
आत्ता मी कुठं आहे ते फोनला माहीत नाही,
कचेरीला नाही, घरच्यांनाही नाही.
मग जरा हळूच चालले.

हॉटेलातला पोरगा कानडीत विचारू लागला, काय देऊ.
"चा नको रे. बारकी पिन आहे काय?"