ऐंशी टक्के डांबर

डिअरगार्ड्टने दुकानाच्या फरशीवर
तीन टायर उभे केले, कवायतीला मुलं लावावीत तसे,
आणि हात पुसत मला विचारलं,
"खरं सांग, उआझुवा. डांबर किती, खडी किती?"

मी कोर्टात दुभाषी आहे.
खरं सांग, हे मी रोज दोन भाषांत म्हणते.
कुणी मलाच म्हटलं की मात्र घसा खाकरावा लागतो.

ऐंशी टक्के डांबर, म्हटलं.
विंडहूकच्या चढावरचं घर, मुलीची शाळा, कोर्ट, शुक्रवारचा बाजार.
उरलेले वीस म्हणजे कामान्याबच्या पुढे,
जिथे डांबर संपतं एखाद्याचं बोलणं तुटावं तसं,
आणि मग दोनशे किलोमीटर धारदार दगड
सेस्फॉन्टेनपर्यंत, बाबांच्या शेळ्यांपर्यंत.

"मग हा घे," पहिल्याच्या पाठीवर थाप.
"आवाज नाही. डिझेल वाचेल. वर्षानुवर्षं विसरून जाशील."
तिसऱ्याकडे बघून त्याने नाक मुरडलं :
चिखलाचा, जाडजूड खुरांचा,
डांबरावर धरला तर दिवसभर डोक्यात मधमाश्यांचं पोळं.
"हा बढाईखोरांसाठी.
मॉलच्या पार्किंगमध्येच जास्त दिसतो."

मधल्याबद्दल तो काही बोलला नाही.
मधला ना धड इकडचा, ना धड तिकडचा.
खाचा आहेत, पण बेतानं.
शहरात थोडा गुणगुणणार,
ओल्या रस्त्यावर जरा उशिरा थांबणार.
मला तो ओळखीचा वाटला.

मी खाली बसून त्याची कूस दाबून पाहिली.
नक्षी काय, सगळेच बघतात.
मागल्या ऑगस्टात पाल्मवाखच्या अलीकडे
माझ्या टायरची कूसच फाटली होती,
बोटभर, सुरीने चिरल्यासारखी. तिथे ठिगळ लागत नाही.
खालून स्पेअर काढला तर तो माझ्याहून दमलेला.
सात तास. एक गाडी नाही.
शेवटी आली ती गाढवांची,
कुठल्याशा भंगार पिकअपचा आख, टक्कल पडलेली चाकं,
आणि वर मुहारुकुआ नावाचा दहा-अकरा वर्षांचा मालक.
आंबट दूध दिलं त्याने. मग गाडीभोवती एक फेरी मारून विचारलं,
"हिला काय खायला घालायचं विसरलीस?"

टक्क्यांचा हिशोब माझा तिथेच मोडला.
ऐंशीत काही बिघडलं
तर फोन आहे, भाऊ आहे, डिअरगार्ड्ट आहे.
विसांत मी आहे आणि दगड.

"मधले," म्हटलं. "जाड कुशीचे. आणि पाच."
"चाकं चार असतात."
"पाच."
पहिल्यांदाच हसला, पावतीपुस्तक ओढलं.

किंमत ऐकून बाबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, दोन गाभण गायी.
काठी बाजूला ठेवून उकिडवे बसले,
अंगठ्याने रबर दाबलं, खाचेत नख घालून फुंकर मारली,
लंगडत्या वासराचा खूर बघतात तसं.
"वाळूत हवा कमी करतेस ना?"
"करते."
"शेळीला करावी लागत नाही,"
म्हणाले, आणि उठताना माझाच खांदा धरला.

सोमवारी सकाळी, कोर्टाच्या रस्त्यावर,
पुढच्या उजव्या चाकातून टिक्, टिक्, टिक्.
कुठलासा खडा खाचेत बसून
एवढं अंतर आलेला, भाडं न देता.
सिग्नलला गप्प. निघाले की पुन्हा बोलायचा.

पार्किंगमध्ये स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकले.
घड्याळ बघितलं. आत साक्षीदार खोळंबला होता,
माझ्याशिवाय त्याचा शब्दही पुढे जाणार नव्हता.
खडा राहू दिला.