दीड मिलिमीटर

भाऊ नॉर्वेला गेला तेव्हा
मागे ठेवून गेला एक सायकल, दोन कर्जं
आणि नायट्रोवर पळणारी ही हातभर गाडी.
पळते. थांबत नाही.

गेल्या रविवारी खाणीच्या राखमातीच्या डोंगरावर,
जिथे आमच्या झाब्झेतली पोरं ट्रॅक आखतात,
ती वळण सोडून सरळ गेली
आणि तेओफिलाबाईंच्या बिटाच्या सुपात
पुढच्या दोन्ही चाकांनी उतरली.
सगळे हसले. मीही हसले,
लाल पाण्यातून तिला उपसेपर्यंत.
"एवाल्डकडे जा," बाई म्हणाल्या,
"आणि पातेलं घासून आण."

एवाल्ड राहतो काजळलेल्या विटांच्या चाळीत,
खिडक्यांच्या चौकटी दर वर्षी लाल रंगवतो.
त्याने गाडी उलटी केली, वास घेतला.
एरंडेल. जळकं एरंडेल.
"नवे पॅड आणू नकोस. सगळे आधी तेच करतात."
मफलरचं तेल उडून उडून
डिस्कवर काचेसारखा थर चढला होता.
डिस्क स्पिरिटने पुसल्या,
पॅड पॉलिशपेपरवर घासले, दिशा बदलत,
खरखर बोटाला लागेपर्यंत.
मग म्हणाला, "हे वरवरचं झालं."

एकच सर्व्हो, एकच हात.
पुढे ओढला की वेग,
मागे लोटला की ब्रेक.
पण मागे जाता जाता तो
कार्ब्युरेटरच्या बंद दारावर आपटायचा,
सगळी ताकद तिथेच भांडण्यात जायची,
ब्रेकपाशी पोचायचा तो दमून.
"यासाठीच तर स्प्रिंग दिलीय," एवाल्ड म्हणाला,
"दार बंद राहावं, हात पुढे जावा म्हणून.
कुणीतरी ती पार आवळून टाकलीय.
पळायची फार घाई होती त्याला."
मी भावाचं नाव घेतलं नाही.

दीड मिलिमीटर.
तेवढीच कॉलर त्याने मागे सारली.

एकतीस वर्षं तो खाणीच्या तोंडाशी, वर, एकटा,
यंत्राच्या खोलीत बसून
आठशे मीटर खोल पाळणा सोडायचा.
एका खेपेला चाळीस माणसं.
घंटेचा एक टोल म्हणजे थांब.
"लोकांना वाटतं ब्रेक म्हणजे जोर..."
इथे स्क्रू निसटला.
आम्ही दोघं गुडघ्यांवर, बॅटरी घेऊन, बाकाखाली.
"चाळिसांपैकी एकाच्याही डब्यातला चहा
हिंदकळता कामा नये. तो ब्रेक."
स्क्रू माझ्याच बुटाखाली होता.

कधी चुकला नाहीत?
तो पॅड बसवत राहिला.
"एकदा. दोन मीटर.
एकाची टाच मोडली.
पुढे मुलीच्या लग्नात तो नाचला.
मी खुर्चीतच."

मग गाडी फरशीवर ढकलायला लावली मला,
ब्रेक दाबून धरून, पुन्हा, पुन्हा.
"मागचा जास्त झाला तर शेपूट आधी फिरेल.
पुढच्याला पाव वेढा दे."
रिमोट मात्र तो हातात घेत नाही.
बोटं थरथरतात. खिशात घालतो.

रात्री भावाला लिहिलं: तुझी गाडी थांबते आता.
उत्तर आलं दुसऱ्या दिवशी, दुपारी:
विकली नाहीस अजून?

रविवारी ती उतारावरून किंचाळत आली,
धूर, एरंडेल, मागे राखेचा लोट.
मी बोट लोटलं.
नाक खाली वाकलं, चारी चाकं सरळ,
आणि टेबलाच्या पायाला जेमतेम शिवून
ती उभी राहिली, धडधडत,
पळून आलेल्या पोरासारखी.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
तेओफिलाबाईंनी पातेल्यावर घातलेला हात काढला.

एवाल्ड कुंपणाशी होता, हात खिशात,
पातेल्याकडे बघत.
"सूप हललं," म्हणाला.
"अजून अर्धा वेढा."